परसातील कोळी व त्यांचा दंश

पावसाचा जोर ओसरून भाद्रपदाची उन्हे पडू लागली, म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. तुळशीवृंदावनाशेजारी, जास्वंदीच्या दोन फांद्यांमध्ये, सज्जातील कुंड्यांच्या आड किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर एक भला मोठा कोळी दिसतो. तो विषारी आहे काय, मुलांस चावेल काय, आणि त्यास मारावे की राहू द्यावे? घरात पाळण्यातले मूल व अंथरुणाला खिळलेले आजोबा असले, म्हणजे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. तेव्हा या महिन्याचे पान आम्ही या अष्टपाद शेजाऱ्यांसच देण्याचे योजिले आहे. प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे आहे व ते दिलासा देणारेही आहे. परंतु त्या उत्तराच्या पाठीमागे दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, व ती प्रत्येक कुटुंबातील कर्त्या माणसांनी नीट समजून घेतली पाहिजे असे आम्हांस वाटते.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. खाडीत जाळे टाकणारा तोही कोळी, आणि कोनाड्यात जाळे विणणारा तोही कोळीच. ठाण्यास चेंदणी कोळीवाड्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलास यात नवल वाटावयाचे नाही. जुन्या बायका यास कांतीण म्हणत. सूत कातते ती कांतीण, हेही नाव काही कमी अन्वर्थक नाही. संस्कृतात त्यास ऊर्णनाभ म्हणतात व लूता असेही म्हणतात. मुंडकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीस ज्या ऊर्णनाभाचा दृष्टान्त दिला आहे, तो स्वतःतून तंतू काढतो व पुनः आत घेतो. यास कोणी कवीची कल्पना समजू नये. चक्राकार जाळी विणणारे बहुतेक कोळी जुने झालेले जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यापासून नवे सूत काढतात. ज्या ऋषीने हा दृष्टान्त योजिला त्याने पहाटेच्या प्रहरी एखाद्या झुडपापाशी बराच वेळ उभे राहून पाहिले असले पाहिजे.

उपनिषदात कोळ्यास असा मान मिळाला, परंतु वैद्यकात त्याची कीर्ती फार भयंकर आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूताविषाचा मोठा विचार आला आहे. विश्वामित्र वसिष्ठांची धेनू बळाने नेऊ लागला तेव्हा वसिष्ठांच्या ललाटावरील घामाचे थेंब कापलेल्या गवतावर पडले, त्यांतून या लूता निर्माण झाल्या, अशी त्यांच्या जन्माची कथा तेथे दिली असून, त्यांचे सोळा प्रकार मानून त्यांपैकी आठांचे विष कष्टसाध्य व आठांचे असाध्य ठरविले आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या मनातील धास्तीचे मूळ बहुधा याच परंपरेत असावे. अंगावर फोड उठले, ओठाच्या कडेला पुरळ आले, की रात्री कोळी अंगावरून गेला असा निकाल तत्काळ दिला जातो. सुश्रुताचार्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु त्यांनी वर्णिलेल्या व्याधींपैकी किती खरोखर कोळ्यांमुळे होत्या, हा प्रश्न आजच्या ज्ञानाने पुनः विचारावाच लागतो.

कोळी हा कीटक नव्हे, हे शाळेतील मुलेही सांगतील. कीटकास पाय सहा, यास आठ. कीटकाच्या शरीराचे भाग तीन, याचे दोन. मिशा व पंख यास मुळीच नाहीत. विंचू, गोचीड ही त्याची भावकी. जगात आजवर ५०,००० हून अधिक जातींच्या कोळ्यांस शास्त्रीय नावे मिळाली असून त्यांपैकी सुमारे १,९०० आपल्या देशात आढळतात. या देशातील कोळ्यांवरचा पहिला मोठा ग्रंथ पोकॉक या इंग्रज पंडिताने १९०० साली प्रसिद्ध केला. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे बिनयकृष्ण टिकादार यांनी या विषयात जन्मभर परिश्रम केले, आणि आपल्याकडील कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया त्यांनीच घातला असे म्हणण्यास हरकत नाही.

आता बागेत जाऊ. भाद्रपद-आश्विनात झुडपांच्या दरम्यान जे जाळे सर्वांच्या नजरेत भरते, त्याच्या मध्यभागी पांढऱ्या रेशमाने काढलेली नागमोडी नक्षी असते आणि तीवर एक कोळी डोके खाली करून लटकलेला असतो. तो आपले आठ पाय दोन-दोन जोडून फुलीच्या आकारात ठेवतो, त्यामुळे प्रथमदर्शनी त्यास चारच पाय असल्याचा भास होतो. पाठीवर पिवळे, पांढरे व तपकिरी आडवे पट्टे असतात. कोणी घाईघाईने सही ठोकावी तशी ती नक्षी दिसते, म्हणून इंग्रजीत त्यास सिग्नेचर स्पायडर म्हणतात. मराठीत सहीचा कोळी म्हणावयास काय हरकत आहे? शास्त्रीय नाव आर्जिओपी. आपल्या बाजूच्या एका जातीचे पूर्ण नाव आर्जिओपी अनासुजा असे असून, ते कानी पडताच शकुंतलेच्या सखीची आठवण व्हावी. हे नाव १८८७ साली थोरेल या स्वीडिश पंडिताने दिले.

जाळ्यात दिसते ती नेहमी मादी. तिचा दादला तिच्या मानाने इतका चिमुकला, की तो जाळ्याच्या कडेस बसलेला असला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. (मादीस कोळीण म्हणावे तर अर्थ भलताच होतो, म्हणून आम्ही मादीच म्हणतो.) त्या नागमोडी नक्षीचा उपयोग काय, याविषयी पंडितांत अजून एकमत नाही. ती प्रकाशात चकाकून माश्यांस भुलविते असे कोणी म्हणतात; पाखरांनी जाळ्यातून उडून ते मोडू नये म्हणून केलेली ती खूण आहे असे दुसरे म्हणतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांस सवड असेल त्यांनी आठ दिवस एकच जाळे सकाळ-संध्याकाळ पाहावे. नक्षी रोज सारखी नसते. एखादे दिवशी चारही बाजूंस असते, एखादे दिवशी एकाच, तर एखादे दिवशी मुळीच नसते. जाळ्याजवळ हळूच फुंकर घातली तर मादी जाळ्यासकट झोके घेऊ लागते आणि इतक्या वेगाने हलते की डोळ्यांस नुसती धूसर रेघ दिसावी. तिच्या स्वसंरक्षणाचा हाच मार्ग. अंगावर धावून येणे तिच्या स्वभावात नाही. तिला मुठीत धरून दाबले तरच ती चावेल, आणि चावलीच तर मधमाशीच्या डंखाइतकी आग होऊन काही वेळाने ती थांबेल.

हिच्याहून किती तरी मोठा, व पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारा, असा कोळी पाहावयाचा असेल तर ठाण्याहून येऊरच्या रानात जावे. पावसाळ्याच्या अखेरीस पायवाटेच्या वर, दोन झाडांच्या दरम्यान, एक-एक मीटर रुंदीची जाळी टांगलेली असतात व त्यांचे सूत उन्हात सोन्यासारखे पिवळे दिसते. हा नेफिला, म्हणजे इंग्रजीतला जायंट वुड स्पायडर. मादीचे नुसते शरीरच तीन ते पाच सेंटिमीटर असते, पाय निराळेच. आणि नर अवघा काही मिलिमीटरांचा. सहलीस गेलेल्या मुलांच्या तोंडावर हे जाळे आले म्हणजे जी किंकाळी उठते ती बहुतेकांनी ऐकली असेल. परंतु हाही मनुष्यास अपायकारक नव्हे. याच्याच एका आप्ताच्या सुतापासून मादागास्कर बेटात काही हौशी कारागिरांनी दहा लाखांहून अधिक कोळी पकडून, त्यांचे सूत काढून, कोळी पुनः सोडून देऊन, एक सोनेरी अंगरखा विणविला. तो २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लोकांस पाहावयास ठेविला होता. त्यास रंग म्हणून मुळीच दिलेला नव्हता. पैठणीची पारख असणाऱ्या भगिनींनी याचा अवश्य विचार करावा!

परंतु खरे सांगावयाचे तर आमचा सर्वांत जास्त जीव जडला आहे तो भिंतीवरील उड्या मारणाऱ्या लहानशा कोळ्यावर. हा जाळे विणून भक्ष्य पकडीत नाही. खिडकीच्या चौकटीवर, देवघराच्या भिंतीवर, लिहिण्याच्या मेजावर तो चालतो, थबकतो, तोंड वळवून आपणांकडे टक लावून पाहतो आणि टुणकन उडी घेऊन माशी धरितो. त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढील दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात व त्यांनी त्यास उत्तम दिसते. उडी घेण्यापूर्वी तो पायाखाली सुताचे एक टोक चिकटवून ठेवितो. उडी चुकली तरी तो त्या दोराने लोंबकळत राहतो. रॉबर्ट ब्रूसची गोष्ट शालेय पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचली. तो कोळी जाळे विणणारा होता, पण चिकाटीत हाही कमी नाही.

या उड्या मारणाऱ्या कुळातील एका जातीवर मोठा अन्याय झाला, तो येथे सांगितलाच पाहिजे. टेलामोनिया डिमिडिएटा नावाची ही जात आपल्या बाजूच्या बागांतही आढळते. मादी फिकट पिवळी असून तिच्या पोटावर तांबूस रंगाच्या दोन उभ्या रेघा असतात. डोळ्यांभोवती तांबडी कडी असतात. एकंदरीत मोठी देखणी. २००२ साली अमेरिकेत संगणकावरील पत्रांतून अशी वार्ता पसरविण्यात आली, की हा कोळी शौचकूपाच्या बैठकीखाली दबा धरून बसतो, व त्याच्या दंशाने माणसे मरण पावली आहेत. ही वार्ता साफ बनावट होती. १९९९ साली कोणा एका गृहस्थाने मुद्दाम रचून सोडलेल्या थापेत कोळ्याचे कल्पित नाव काढून या खऱ्या जातीचे नाव घातलेले होते, इतकेच. तीच वार्ता अधूनमधून नव्या रूपाने भ्रमणध्वनीवर फिरत आमच्यापर्यंत येते, आणि शिकली-सवरलेली माणसे ती पुढच्या दहाजणांस धाडितात. या कोळ्याची लांबी सुमारे एक सेंटिमीटर. त्याच्या दंशाने कोणी दगावल्याचे एकही उदाहरण नाही.

याच कुळातील दुसऱ्या एका जातीची गोष्ट ठाणे-कल्याणकरांच्या अभिमानाची आहे. २०२१ साली ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार व राजेश सानप या अभ्यासकांनी ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती प्रसिद्ध केल्या. त्यांतील एकीस त्यांनी आयसियस तुकारामी असे नाव दिले. हे तुकाराम म्हणजे देहूचे संत नव्हेत, तर मुंबई पोलीस दलातील सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या घोर रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ लाठी असता त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेविली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत हाती सापडला. सरकारने त्यांस मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. हे नाव आता प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे लिहिले गेले, आणि तेही आपल्याच भागातील एका कोळ्याच्या रूपाने. जेथे प्रत्येक स्टेशनाभोवती घरांची एवढी दाटी झाली आहे, तेथे शास्त्रास अज्ञात असा प्राणी २०२१ सालापर्यंत राहत होता, याचे आम्हांस कितीदा तरी आश्चर्य वाटते.

घरात सर्वांत अधिक भीती ज्याची वाटते तो मात्र निराळा. रात्री स्वयंपाकघरातील दिवा लावावा आणि ओट्यामागील भिंतीवर पंज्याएवढा, चपटा, तपकिरी कोळी पाय पसरून बसलेला दिसावा, हा अनुभव आमच्या बहुतेक भगिनींस असेल. याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. व्हेनाटोरिया म्हणजे शिकार करणारी. डोळ्यांच्या खाली फिकट पांढरा आडवा पट्टा असतो, त्यावरून त्यास ओळखावे. मादी कधी कधी पोटाखाली बत्ताशासारखी पांढरी चपटी थैली घेऊन हिंडते; त्यात तिची अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती थैली ती खाली ठेवीत नाही. हा कोळी मूळचा आशियातला. केळ्यांच्या घडांबरोबर जहाजांतून साऱ्या उष्ण प्रदेशांत पोहोचला. त्याचे मुख्य खाणे झुरळे. ज्या घरात झुरळे मारण्यासाठी दर महिन्यास औषध फवारतात आणि तरी ती हटत नाहीत, तेथे या पाहुण्याने काय बिघडविले आहे ते आम्हांस समजत नाही. तथापि त्याचा जबडा मजबूत असतो व तो चिमटीत धरिला तर चावतो. दुखते, थोडी सूज येते, एक-दोन दिवसांत ती उतरते. त्यास घराबाहेर घालवावयाचे असल्यास रुंद तोंडाचे भांडे वर पालथे घालावे, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि बागेत नेऊन सोडावे. वहाणेने मारण्यापेक्षा यास फार तर दोन मिनिटे अधिक लागतात.

कोपऱ्यातील, छताच्या कडेची विस्कटलेली जळमटे ज्याची, तो लांबलचक सुतासारख्या पायांचा कोळी अगदीच निरुपद्रवी. हात लावताच तो गरगर हलू लागतो. मादी आपली अंडी तोंडात धरून बसते, हे भिंगातून मुलांस अवश्य दाखवावे. डेंग्यूचा प्रसार करणारे डास हे याचे भक्ष्य. दिवाळीच्या साफसफाईत जळमटे काढावीत यात शंका नाही. परंतु माळ्यावरच्या एखाद्या कोपऱ्यास अभय दिल्यास गृहलक्ष्मी रुष्ट होईल असे आम्हांस वाटत नाही.

याखेरीज फुलांच्या रंगात रंग मिसळून बसणारे व खेकड्यासारखे तिरपे चालणारे, पानांवर फिरणारे काटेरी पायांचे हिरवे, गवतातून धावणारे व पिल्लांस पाठीवर घेऊन जाणारे, असे नाना प्रकारचे कोळी परसात असतात. आंब्याची पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांत मिसळून गेलेला, हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा एक कोळी आहे; मुंगी समजून त्यास पाहावे तर पाय आठ भरतात. या सर्वांची नावे देत बसलो तर अंकाची पाने पुरावयाची नाहीत. नाव जाणून घेणे ज्यांस अगत्याचे वाटते त्यांनी भ्रमणध्वनीवर वरून, बाजूने व समोरून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, जाळे असल्यास त्याचेही घ्यावे, आणि जाणकारास दाखवावे. नुसत्या रंगावरून जात ठरविता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. एक लहानसे कुळ सोडले तर सर्व कोळ्यांस विष असते, हे खरे आहे. परंतु ते विष माशी, डास, नाकतोडा यांच्यासाठी आहे. बहुसंख्य कोळ्यांचे दात मनुष्याची कातडी भेदूच शकत नाहीत. जे भेदतात त्यांच्या विषाने तात्पुरती आग व सूज याहून अधिक काही होत नाही. अपवाद आहेत, व ते लपवून ठेवणे योग्य होणार नाही. सह्याद्रीच्या रानात झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी, ज्यांस टॅरँटुला म्हणतात, ते चावले तर स्नायूंत वळ येऊन दिवसेंदिवस त्रास होऊ शकतो. पण ते सोसायटीच्या बागेत यावयाचे नाहीत. ऑस्ट्रेलियातील पाठीवर तांबडा पट्टा असणाऱ्या ज्या कोळ्याचे नाव सर्वत्र झाले आहे, त्याच्या कुळातील कोळी आपल्या देशातही क्वचित आढळतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यातील कापसाच्या शेतात तो सापडल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली. त्याच्याविषयी सावध असावे. परंतु काळसर अंगाचा प्रत्येक कोळी तोच, असे समजण्यास आधार नाही.

आणि आता ती दुसरी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हे पान लिहावयास घेतले. २०१२ च्या मे महिन्यात आसामातील तिनसुकिया जिल्ह्यात, सदिया येथे, कोळ्यांच्या झुंडी बाहेर पडल्या आणि त्यांच्या दंशाने दोन माणसे मरण पावली, असे वृत्त साऱ्या जगात छापून आले. ते दोघे प्रथम मांत्रिकांकडे गेले होते आणि दंशाच्या जागी पात्याने चिरून रक्त काढण्याचे उपाय त्यांच्यावर झाले होते. मृत्यू कोळ्याच्या विषानेच झाले, असे वैद्यकीय दृष्ट्या सिद्ध झाले नाही. ही दूरची हकीकत आहे खरी, परंतु तिचे बीज आपल्याही घरात असते. काहीतरी झाले की 'कोळी चावला असेल' असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि खरे कारण शोधण्याची वेळ निघून जाते.

पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांत काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट, जेमतेम एक सेंटिमीटरचा एक भुंगा असतो. तो चावत नाही. परंतु मानेवर बसला असता झोपेत चिरडला गेला, तर त्याच्या अंगातील रसाने दुसरे दिवशी त्वचेवर लाल पट्टा उठतो व त्यावर पुवाळल्यासारखे फोड येतात. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत असा रस लागल्यास समोरासमोरच्या त्वचेवर जोडीने चट्टे उमटतात. घरोघरी यास कोळ्याचा प्रताप म्हणतात. तो किडा अंगावर दिसल्यास चिरडू नये, फुंकरीने उडवावा, आणि जागा साबणपाण्याने ताबडतोब धुवावी.

नागीण म्हणून जो विकार आहे तो याहून गंभीर. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूस प्रथम जळजळ, ठणका, आणि मग द्राक्षाच्या घोसासारखे फोड. हा कांजिण्यांच्याच विषाणूचा, पुष्कळ वर्षांनी पुनः उठलेला विकार होय. वयोवृद्धांस तो विशेषेकरून होतो, आणि फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास त्याचा चांगला गुण येतो. कपाळावर व डोळ्याजवळ आल्यास दृष्टीस धोका असतो. असे असता घरात 'कोळी फिरला' म्हणून कोणी उगाळलेले गंध लावतात, कोणी चुना लावतात, कोणी मंत्र घालून आणतात, आणि त्यात ते तीन दिवस सरतात. मग वृद्ध माणूस महिनोन् महिने त्या कळा सोशीत बसतो. याचप्रमाणे मधुमेही माणसाच्या पायावरील चिघळणारी जखम कोळ्याच्या नावावर खपविली जाते, ही तर आम्ही कितीदा तरी ऐकलेली गोष्ट आहे.

सर्वांत भयंकर घोटाळा मण्यारीचा. कल्याणच्या ग्रामीण बाजूस, येऊरच्या पायथ्यास, रानालगतच्या नव्या वसाहतींत हा साप आढळतो. तो रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाने पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही नीट दिसत नाही. माणूस जागा होतो, काहीतरी चावले म्हणतो, घरची मंडळी अंथरूण झटकतात, एखादा कोळी पळताना दिसतो, आणि सर्वजण निश्चिंत होऊन पुनः निजतात. काही तासांनी पोटात कळा येतात, घसा दुखतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते, श्वास मंदावतो. यांतील एकही लक्षण दिसताच, किंवा रात्री जमिनीवर निजलेल्या माणसास काय चावले हे कळत नसेल तर लक्षणांची वाट न पाहताच, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यावे. तेथे सर्पविषावरील प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असेल तर माणूस वाचतो. दंशाच्या जागी चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. जमिनीवर निजणे भागच असेल तर मच्छरदाणी चहू बाजूंनी गादीखाली खोचून निजावे. ती डासांप्रमाणे मण्यारीसही आवरते.

कोळ्याचा दुसरा भाऊबंद जो तांबडा विंचू, त्याच्याविषयीही हीच दक्षता पाहिजे. कोकणात या विंचवाच्या दंशाने मुले दगावत, त्यांच्यावरील उपचारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून निराळीच दिशा दिली. त्यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली. मुलास घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर घटकाही दवडू नये.

खरोखर कोळी चावला, तो डोळ्यांनी पाहिला, आणि आग व थोडी सूज याखेरीज काही नाही, असे असेल तर जागा साबणपाण्याने धुवून थंड पाण्याची घडी ठेवावी, खाजवू नये, आणि धनुर्वाताची सुई वेळेवर घेतलेली आहे की नाही ते पाहावे. लाली पसरत गेली, ताप आला किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडे जावे. आणखी एक जुना प्रघात सोडावा हे बरे. बोट कापले असता कोनाड्यातील कोळिष्टक आणून जखमेवर दाबावयाचे, ही चाल अजूनही काही घरांत आहे. रक्त थांबते हे खरे, पण त्या कोळिष्टकाबरोबर चार वर्षांची धूळही जखमेत जाते. स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे दाबून धरल्यानेही रक्त तितकेच थांबते.

जास्वंदीवरील सहीच्या कोळ्याचे जाळे येण्याजाण्याच्या वाटेत आले असेल तर काठीने त्याचा एका बाजूचा धागा अलगद सोडवावा; मादी आपण होऊन रात्रीतून दोन हात पलीकडे बिऱ्हाड हलविते. कोजागिरीपर्यंत ती तेथे असेल. पुढे तिची अंड्यांची पिशवी पानांच्या आड दिसू लागली, म्हणजे झाडाची छाटणी पंधरा दिवस पुढे ढकलावी.